खंडेनवमीला चाललेला प्रिंटर

आमच्या ऑफिसात बिनवायरीचा प्रिंटर आला तो उंदरांच्या कृपेनं. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापहो, पण बियाण्याच्या कंपनीत ज्यानं नोकरी काढली आहे त्याला विचारा. नवीन जालन्यात स्टेशनच्या अंगाला आमचं ऑफिस, मागं गोडाऊन, आणि त्याला लागून बी निवडायचा हॉल. टेबलाच्या खणाखणांत मका, बाजरी, सोयाबीनचे नमुने ठेवलेले. म्हणजे उंदरांना बारमाही पंगत. खाऊन पोट भरलं की दात घासायला त्यांना माझ्या प्रिंटरची वायर लागायची. कॉम्प्युटर ह्या टेबलावर, प्रिंटर त्या टेबलावर, मधली वायर फरशीवरून गेलेली. सकाळी येऊन बघावं तर तिचं तांब्याचं आतडं बाहेर.

नवी वायर मागवली की मालकांचं तोंड वाकडं व्हायचं. काय खर्चा, काय खर्चा! एकदा तर म्हणाले, बाई, तुमच्याच टेबलाखालची वायर बरी कुरतडली जाते. मला रागाला कारण लागत नाही, आणि हे तर चांगलंच कारण होतं. मी म्हटलं, मालक, उद्यापासून मी डबा आणत नाही, वायरच खाते. त्यानंतर महिन्याभरात नवा प्रिंटर आला.

बसवायला आलेल्या माणसानं सांगितलं की ह्याला वायर फक्त विजेची, आणि ती मी लोखंडी नळीतून नेतो. बाकी सगळं हवेतून. कॉम्प्युटरच्या पाठीत त्यानं नखाएवढं काहीतरी खोचलं आणि काम सुरू झालं. वर म्हणाला, ह्याच्यात ब्लूटूथपण आहे, समोर उभं राहून फोनमधला फोटो पाठवला तर तो तसाच कागदावर येतो. मी विचारलं, आणि गोडाऊनमधून पाठवला तर? म्हणाला, नाही मॅडम, ह्या खोलीपुरतंच, भिंत आली की संपलं. मी मनात म्हटलं, घ्या! लोक दिल्लीत बसून अमेरिकेशी बोलतात आणि हे ध्यान भिंत ओलांडत नाही. काय चाटायचंय ह्याला?

पण त्याचा उपयोग मला हळूहळू कळत गेला. आमचे शेतावर फिरणारे लोक वाटूर, परतूर, अंबडकडून यायचे. फोनमध्ये कपाशीच्या पानांचे फोटो असायचे, पानाखालची कीड, लाल पडलेली कड. आमचं इंटरनेट तर सासरी गेलेल्या मुलीसारखं, येईल तेव्हा येईल. पूर्वी फोटो अडकून पडायचे. आता ते प्रिंटरसमोर उभे राहायचे, एक बटण दाबायचे, आणि पान परातीएवढं होऊन कागदावर यायचं. शेतकरी ते हातात धरून बघायचा, घडी घालून खिशात ठेवायचा आणि शेजारच्यांना दाखवायला न्यायचा. ह्याला नेट लागत नव्हतं, सिम लागत नव्हतं. नुसतं जवळ यायचं.

मला त्या जवळ येण्याचंच नवल वाटायचं. एकदा कोणी नसताना मी फोन इकडं ठेवला, प्रिंटर तिकडं, आणि फोटो पाठवून मध्ये हात धरला. काही म्हणजे काही लागलं नाही. ना ऊब, ना झिणझिणी. फोटो मात्र माझ्या हातातून आरपार गेला आणि बराबर कागदावर उतरला. मी हाताकडं बघतच राहिले. मग बियाण्याची भरलेली गोणी मध्ये ठेवून बघितली, तरी गेला. मालक दारात उभे राहून हे बघत होते. ते म्हणाले, बाई, आता उंदीर ठेवून बघा.

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्याकडं त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा होते. बी चाळायची मशीन, गोण्या शिवायची मशीन, वजनकाटा, टेम्पोच्या चाव्या, कॉम्प्युटर, प्रिंटर, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचा हार, अक्षता आणि नैवेद्य. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटून होईपर्यंत कोणी यंत्राला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं ते, एक दिवस त्याचा. हा नियम मालकांच्या वडिलांनी घातला, पण तो पाळून घेणारी पोलीस मी. एका वर्षी खुद्द मालकांना पूजेनंतर एक कागद छापून हवा होता. मी प्रिंटरच्या आडवी उभी राहिले आणि म्हटलं, हाताने लिहा. त्यांनी मुकाट्यानं लिहिला.

त्या खंडेनवमीलाही दुपारीच सगळं आटोपलं. पेढे आणि खोबरं घेऊन लोक घरोघर गेले. मी खिडक्या लावायला मागं थांबले होते, कारण उंदरांना सणवार नसतो. तेवढ्यात हॉलमध्ये बी निवडणारी आमची एक बाई दारात येऊन उभी राहिली. अंबड तालुक्यातल्या मेंढपाळांच्या घरातली, आता जालन्यातच राहणारी. कडेला तिची लेक, चारेक वर्षांची, कपाळभर कुंकू फासलेली. बाईनं पदरात काहीतरी धरलं होतं आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

तिचा नवरा आमच्या ओळखीचा. तो कंपनीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवरून बियाण्याच्या गोण्या आणायचा, स्वतःचा टेम्पो होता. मोठा हसरा माणूस, गोणी उतरवताना हमालांची चेष्टा करायचा आणि हमाल त्याची. दोन वर्षांमागं तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. पोरगी तेव्हा नुकती दोन शब्द बोलायला लागली होती. टेम्पो विकला गेला. घरात त्याचा म्हणून राहिला तो एक बटणांचा जुना फोन, आणि तोच बाईच्या पदरात होता.

तिनं सांगितलेलं मला तुटक तुटकच कळलं, कारण ती मध्येच रडत होती. नवऱ्याचं हत्यार म्हणून ती दर खंडेनवमीला त्या फोनची पूजा करायची. टेम्पो न्हाई तर न्हाई, हे तरी आहे. ह्या वर्षी पोरीनं हट्ट केला की पप्पांच्या फोनची पूजा मी करणार. तिनं कुंकू लावलं, ओली हळद लावली, आणि मग नैवेद्याची वेळ आली. देवाच्या तोंडाला लावतात तसा गूळखोबऱ्याचा घास फोनला भरवायचा, तर फोनचं तोंड कुठंय? खाली चार्जिंगचं भोक होतं. पोरीनं त्यातच गूळ कोंबला. नुसता ठेवला न्हाई, बोटानं दाबून दाबून भरवला.

ऐकून मला आधी हसू आलं. मग बाईचा चेहरा बघितला आणि ते आतल्या आत गेलं.

त्या फोनची तब्येत आधीच नाजूक होती. उन्हाळ्यात एकदा चार्जिंग उतरून बंद पडला तर उठेचना. मंठा चौफुलीकडच्या एका दुरुस्तीवाल्यानं कसाबसा उठवला, बॅटरी आत कायमची डकवली आणि बजावलं की ह्याला आता बंद पडू देऊ नका, पुन्हा बंद पडला तर माझ्याच्यानं होणार न्हाई. तेव्हापासून ती दिव्यात तेल घालावं तशी त्याला रोज चार्जिंगला लावायची. आणि आज भोकात गूळ. घरी तिनं पिन घालून बघितली होती, त्यानं तो आणखी आत गेला होता. फोनवर बॅटरीची शेवटची कांडी लुकलुकत होती आणि मधूनमधून तो बारीक आवाजात कुरकुरत होता.

आणि फोनमध्ये तिच्या नवऱ्याचा फोटो होता, एकच.

मी म्हटलं, अगं, दुसरे फोटो असतील की, लग्नातले, आधारकार्डावरचा. ती म्हणाली, लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या आहेत आणि त्यांच्या मागं एक भेदरलेलं पोरगं आहे, ते हे न्हाईतच. आधारकार्ड पोरीला दाखवलं तर पोरगी म्हणाली, हा कोण? ह्यात मला काही नवल वाटलं नाही. आधारकार्डावर आपण सगळेच पकडून आणल्यासारखे दिसतो. माझं बघून माझा मुलगा अजून हसतो.

"मॅडम, पोरीला बाप दाखवायला माझ्यापाशी दुसरं काईच न्हाई," ती म्हणाली. "हा बंद पडला म्हंजे ते दुसऱ्यांदा गेले."

मी माझा फोन काढला. मुलानं घेऊन दिलेला, सफरचंदाच्या खुणेचा, भारीतला, ज्याचा मी चारचौघांत बराच तोरा मिरवते. म्हटलं, पाठव ह्याच्यावर, जल्दी. तर हे साहेब त्या बटणांच्या फोनकडून काही घ्यायलाच तयार न्हाईत. जातच वेगळी, जमेचना. कॉम्प्युटरला द्यायचा तर वायर हवी, आणि वायरीचं भोक गुळानं बुजलेलं. फोनमध्ये कार्ड-बिर्ड काही नव्हतं, फोटो त्याच्या पोटातच. दसऱ्याच्या आदल्या दुपारी दुरुस्तीची दुकानंही पूजा करून बंद.

मग माझं लक्ष प्रिंटरकडं गेलं.

गळ्यात झेंडूचा हार घालून तो गप्प बसला होता. वर कुंकवाचं स्वस्तिक, कागदाच्या तोंडाशी अक्षता आणि खोबऱ्याचा तुकडा. ते स्वस्तिक सकाळी मीच काढलं होतं. माझा हात पुढं झाला आणि थांबला. इतकी वर्षं ज्या नियमासाठी मी मालकांच्या आडवी पडले तो नियम आता माझ्याच आडवा आला होता. मला माझाच राग आला. हातात खेळवत बसायला हा काय धर्मसंकटाचा चिवडा आहे का? तिकडं फोन कुरकुरतोय! मी मोठ्यानं म्हटलं, देवी, रागवायचं तर माझ्यावर रागव, ह्या लेकरावर नको. हार काढून पोरीच्या गळ्यात घातला, खोबरं तिच्या हातात दिलं, अक्षता फुंकरीनं उडवल्या आणि बटण दाबलं.

प्रिंटर सुरू होताना नेहमीच आळोखेपिळोखे देतो. आत काहीतरी सरकतं, परत येतं, थांबतं, पुन्हा सरकतं. एरवी मला ते ऐकूही येत नाही. त्या दिवशी वाटलं, मेल्या, आजच एवढी अंघोळपांघोळ कशाला? बाई फोन दोन्ही हातांत धरून समोर उभी होती. मी फोटो उघडायला सांगितला, मग 'पाठवा' असं जिथं येतं तिथं जायला, मग ब्लूटूथ. फोन शोधायला लागला. काही सापडलं न्हाई म्हणाला. मग आठवलं, प्रिंटरच्या अंगावरचं निळं बटण दाबल्याशिवाय तो नव्या पाहुण्याला ओळखच देत नाही. दाबलं. निळा दिवा उघडझाप करायला लागला. आम्ही पुन्हा शोध घेतला, आणि त्या एवढ्याशा पडद्यावर प्रिंटरचं नाव आलं.

बाईनं डोळे मिटले होते. मी खेकसले, हात नंतर जोड, आधी बटण दाब.

तिनं दाबलं. पडद्यावर एक पट्टी भरायला लागली, अगदी मुंगीच्या पावलानं. मी दोघींना पुढं सरकवलं, आणखी जवळ, आणखी जवळ, इतकं की बाईचे हात प्रिंटरला टेकले. पोरगी खोबरं खायची थांबली होती. पट्टी भरत भरत टोकाला गेली, टोकाला पोचली असं मला वाटलं, आणि फोनचा पडदा काळा झाला.

बाईनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही न्हाई. तिनं फोन छातीशी धरला आणि खाली बसली. आवाज न काढता रडत होती, आणि मला कळेना की फोटो गेला की न्हाई, पोचला की मध्येच हवेत राहिला. ह्या हवेतच मी हात घालून बघितला होता आणि मला काही लागलं नव्हतं. तेव्हा मजा वाटली होती. आता त्याच मोकळ्या हवेची भीती वाटली.

तेवढ्यात प्रिंटरनं कागद ओढला.

आयुष्यात मी हजारो कागद निघताना बघितले असतील, पण असा न्हाई. आधी निघालं आभाळ, संध्याकाळचं, पिवळट. मग डोक्यावरचा रुमाल. मग कपाळ. प्रिंटर थोडं छापायचा, थांबायचा, जसं काही आठवून आठवून सांगतोय. मग डोळे आले, हसण्यानं बारीक झालेले, आणि मग ते दात. तोच तो, गोणी उतरवताना हमालांची टर उडवणारा. दोन वर्षांमागं गेलेला माणूस एका मेलेल्या फोनमधून निघून, मधली बोटभर रिकामी हवा ओलांडून, आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा येत होता. त्याला धरायला कुठं दोरा न्हाई, वायर न्हाई. कोणी काहीही म्हणो, मी त्या यंत्राला तिथंच हात जोडले.

बाई उठून उभी राहिली होती. कागदाला हात लावायचं तिला धाडस होत नव्हतं. तिनं सांगितलं की हा फोटो तिनंच काढलेला, तिच्या जन्मातला पहिलाच. कपाशीच्या प्लॉटवर त्यांना जेवण द्यायला गेल्ती. त्यांनी फोन हातात दिला आणि म्हणाले, काढ. तिनं तो उलटा धरला म्हणून ते हसून राह्यले होते, आणि हसतानाच तो निघाला. म्हणजे हे हसू तिच्यावरचं होतं. हे सांगताना ती रडता रडता हसली.

मग सदरा आला, मग धुळीनं भरलेली पँट, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. मग चपला, आणि चपलांच्या पुढं जमिनीवर काळा डाग. मला वाटलं, शाई सांडली. बाई म्हणाली, न्हाई मॅडम, तो फोनवर पण होता, पडद्याचा डाग हाये तो, मी रोज पुसून बघायची, जायचाच न्हाई. कागद पूर्ण बाहेर आला. मी तो उचलून खिडकीपाशी नेला, लावलेली खिडकी उघडली आणि उजेडात धरला.

तो डाग नव्हता. सूर्य फोटो काढणारीच्या पाठीमागं होता, आणि कापसाच्या दोन ओळींमधून तिची लांबच लांब सावली थेट त्याच्या पायांपर्यंत गेली होती. डोक्यावर पदर, एक हात वर, फोन धरलेला. आणि दुसऱ्या अंगाला, कमरेपाशी, एक गोल फुगवटा, त्यातून लोंबणारा एवढासा पाय.

मी कागद बाईच्या हातात दिला आणि सावलीवर बोट ठेवलं. ती बघत राहिली. अंगठ्याएवढ्या पडद्यावर दोन वर्षं रोज तिनं हेच पुसायचा प्रयत्न केला होता. मग तिला दिसलं. तिनं लेकीला उचलून कडेवर घेतलं, त्याच बाजूला, आणि कागद तिच्यापुढं धरला.

"हे पप्पा," ती म्हणाली. "ही सावली माझी. अन् ही कडंवर तू."

पोरीनं गूळखोबऱ्याचं चिकट बोट आधी बापाच्या हसण्यावर ठेवलं, मग आईच्या सावलीवर, मग त्या लोंबणाऱ्या पायावर. प्रत्येकावर थोडं थांबली. एक सलग फोटो, त्यात सगळे, हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"मंग आपण तिघं बी हाओत की," ती म्हणाली.

तो फोन पुन्हा कधीच चालू झाला नाही. त्या दुपारी प्रिंटरच्या काचेवर कागद पालथा घालून मी आणखी प्रती काढल्या, एक तिच्या सासूसासऱ्यांसाठी, एक भिंतीला, एक पेटीत जपून ठेवायला, आणि आता नियम मोडलाच आहे तर एक माझ्या टेबलाच्या काचेखाली. त्या सगळ्या प्रतींवर बापाच्या दातांपाशी गुळाच्या बोटाचा ठसा आला आहे.